लाल कुसळाचं गवत

१४ सप्टेंबर
लिहिन्यात चुका असतील, राग धरू नका. सातवीत शाळा सुटली, आन् मोबाईलवर एकेक अक्षर हुडकत टाइप करायले. सत्यशीला मॅडम म्हनल्या, चैताली, कामाचं रोज लिहीत जा. मॅडम गवताचा अभ्यास करत्यात. नांदूरघाटाच्या वर, डोंगराच्या कडंला शहादेवमामाच्या शेतातल्या खोलीत आमचा मुक्काम. मला नवे बूट आनलेत! काम सोपं. गवत मुळासकट उपटायचं, रद्दी पेपरात पसरायचं, वर फळी, फळीवर धोंडा. पेपर रोज बदलायचा, न्हाईतर बुरशी धरती.

१७ सप्टेंबर
कड्याखाली एक गवत घावलं. गुडघ्याएवढं, कुसळं लाल, केसावानी. सरूबाईचा जलम ह्या डोंगरावर गवत कापन्यात गेला, ती बी म्हनली, असलं कधी बघितलं न्हाई, माझी शेरडं बी तोंड लावंनात, टाक बाई. मग मॅडमला म्हनली, ही पोरगी बोलती का मुकीच आनली? मी खाली बघितलं.
मॅडमनी भिंगातून लई येळ बघितलं. कुठल्याच पुस्तकात न्हाई म्हनल्या. भरलेलं बी मिळालं की वर्णन छापू, गवताला तुझं नाव देऊ.
माझं नाव. पुस्तकात.

२० सप्टेंबर
एकच कणीस पिकलं. नऊ बिया. पाकिटात भरताना एक बोटात घुसली. कुसळ वलं झालं की पीळ घालत आत जातं, कोरडंच उपटायचं, हे आमाला लहानपनापासून म्हाईत. तरी घाबरून बोट तोंडात घातलं, आन् बी आत गेली.
मॅडमनी मोजल्या. कणसावर जागा नऊ, बिया आठच कावून, म्हनल्या. मी म्हनलं, आठच होत्या.

२३ सप्टेंबर
आठी बिया पोकळ निघाल्या. मॅडम जेवल्या न्हाईत.
मी लई दमते. झोपून उठलं तरी दमलेलीच. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ. पानी पिलं की वर सरकती. सांगावं, तर खोटं बोलले ते कळंल. नाव जाईल.

२६ सप्टें.
रेघ खांद्यावर. सरूबाईची शेरडं मला बघून मागं सरली. सरूबाईनं वाट बदलली.

२८
घशात टोचतंय. मॅडमला सांगायला गेले, तोंड उघडलं — आवाज न्हाई. मॅडमनी भिंग आनलं. आत बघितलं. हसल्या. म्हनल्या, तोंड मिट, हलू नको, कणीस अजून पिकायचंय —

२९
मॅडम वर्णन लिहायल्यात. नाव माझंच हाय. बसवत न्हाई आता.
आत्ताच घरून फोन — दादाला पोरगी झाली. बाराव्या दिशी बारसं, तवर कणीस पिकंल. आत्या मी एकलीच. कानात नाव मीच सांगायचं. न्हाई म्हनायला आवाज —
एवढासा कान आसल तिचा. तोंड अगदी जवळ नेऊन