भ्यालेला किल्लेदार

डोणगाव

प्रिय अश्विनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील. आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत. पण ही गोष्ट फोनवर सांगायला घेतली तर तू मधेच बोलशील, मी मधेच रडेन आणि निम्मी तशीच राहील. म्हणून लिहिते आहे. एका जागी बसून शेवटपर्यंत वाच. वाचून होईपर्यंत तुझ्या बाबांना फोन करू नकोस, एवढं माझं ऐक.

आपण दोघींनी सुरू केलेली रविवारची वाचक-बैठक तू पुण्याला गेल्यावर मोडेल असं वाटलं होतं. उलट ती वाढली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दुपारी सतरंज्या टाकतो. शाळेतल्या मॅडम येतात, मेहकरहून एक निवृत्त तलाठी येतात, ड्युटी नसली तर आमचा देवानंदही येतो. एस.टी.तली माणसं किती वाचतात हे मला लग्न झाल्यावरच कळलं. तुझे बाबा, आमचे भगवानराव काका, वाचनालयाचे अध्यक्ष असले तरी जिना चढून कधी वर आले नव्हते. आणि यंदा चक्क गीताकाकू, तुझी आई, यायला लागल्या. तुझ्या कार्डावर त्या इतकी वर्षं पुस्तकं नेत होत्या, हे तुला तरी ठाऊक होतं का? दुपारी सगळे अडतीच्या दुकानावर गेले की वाचायच्या. बैठकीत मागे भिंतीला टेकून बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत.

मागच्या महिन्यात विषय होता, आवडती ऐतिहासिक कादंबरी. काय रंगली गं ती दुपार! तलाठीकाका दर दिवाळीला एका राजघराण्याची अख्खी मालिका पहिल्यापासून वाचतात, आणि शेवटचा भाग मुद्दाम अर्धा सोडतात, म्हणजे राजा मरत नाही. देवानंद एका तोफा ओतणाऱ्या कारागिरावर बोलला. मी त्या भिक्खुणीच्या कादंबरीवर बोलले, जिचं शेवटचं प्रकरण मी तुला पावसाने अडकलेल्या बसमध्ये वाचून दाखवलं होतं. मग प्रेरणा उठली. आमच्या शेजारच्या पुंजाजीची मुलगी. बी.ए. झाली, आता स्पर्धा परीक्षेला बसते आहे. तिने आणली होती वेढ्याची कादंबरी. आठवते? अकरावीत तू पहिला भाग वाचत होतीस, मी आधी दुसराच वाचून टाकला आणि तुला सगळं सांगून बसले. तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस.

तुमच्या घरात त्या कादंबरीला काय मान आहे ते मी तुला काय सांगणार. लेखकाने नाव बदललं, पण गडाचा किल्लेदार आपलाच पूर्वज, असं काका पाहुण्यांना सांगतात. प्रेरणा म्हणाली, तो किल्लेदार भ्याला होता, आणि म्हणूनच तो मला सगळ्यांत खरा वाटतो; भ्याला म्हणून त्याला आतल्या बायकापोरांचा जीव दिसला, आणि त्याने दरवाजा उघडून त्यांना वाचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मोबाइलवर घेत होतं. कोण, ते अजून कळलेलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर फिरला तो तुकडा, त्यात एवढंच होतं, "तो किल्लेदार भ्याला होता." खाली लिहिलेलं, आमच्या पूर्वजांचा अपमान करणारी ही कोण? सगळ्यांत आधी तो पुढे पाठवला तुझ्या चुलतभावाने, गोविंदाने.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगते. आमच्या गल्लीत गोविंदाचे दोस्त मोटारसायकली घेऊन यायला लागले. काही करायचे नाहीत ते. पुंजाजीच्या दारासमोर गाड्या उभ्या करायचे, हॉर्न वाजवायचे, दात कोरत बसायचे. प्रेरणाने अभ्यासिकेत जाणं बंद केलं. तिची आई पाण्याला निघायची ती माझ्या सासूबाईंना सोबत घेऊन. देवानंदने चौकीवर जाऊन सांगितलं, तर रस्त्यावर गाडी उभी करणं हा गुन्हा नाही म्हणाले. पुंजाजी काकांच्याच अडतीवर पोती वाहतो. काकांनी त्याला बोलावलं, आरडाओरडा केला नाही. पुढच्या बैठकीत पोरीने हात जोडून माफी मागावी, मग विषय संपला, एवढंच म्हणाले.

मी काकांकडे गेले होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. लहानपणी तुमच्या घरी मला खाऊ मिळायचा तो बाहेरच्या ओट्यावर. या वेळी बैठकीच्या खोलीत बसवलं. म्हणाले, "महामाया, तू समजदार आहेस. पोरायचं रक्त गरम असते. एक शब्द बोलली का मिटलं." त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मला रागाऐवजी भीती वाटली. आतल्या दारात काकू उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, काकांकडे बघत होत्या. परत आले तर प्रेरणा दारातच वाट पाहत होती. विचारलं, "ताई, मागू का माफी?" तिच्या बापाची मजुरी, तिची परीक्षा, गल्लीतले हॉर्न, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. नको असं मी ठासून म्हणू शकले नाही. माग असंही म्हणवलं नाही.

त्या रविवारी काका पहिल्यांदा वर आले. सोबत गोविंदा, आणि जिन्याच्या पायरीपायरीवर तीच मोटारसायकलवाली पोरं. मॅडम आल्याच नाहीत. तलाठीकाका आले, पण काठी हातातच धरून बसले, निघायच्या तयारीत. पुंजाजी टोपी काढून मुलीजवळ उभा राहिला. काकांनी, बोल बेटा, म्हणून मान हलवली. प्रेरणाचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. गोविंदाने मोबाइल वर धरला, म्हणाला, जोरात बोल, आवाज येत नाही.

तेव्हा मागून काकू उठल्या. भिंतीला हात टेकत उठल्या, गुडघ्यांमुळे. मला वाटलं, बाहेर चालल्या. त्या पुढे येऊन प्रेरणाच्या आणि मोबाइलच्या मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिले काऊन पुसता? मले पुसा. मी ते पुस्तक तिच्या जन्माच्या आधीपासून वाचून राह्यलो. मले बी तो भ्यालेलाच वाटला. म्हणूनच तो मले आवडते." काका हळूच म्हणाले, गीता, हा विषय घरचा नाही. त्यावर त्या त्यांच्याकडे वळल्या. अश्विनी, तुझ्या आईला मी कधी काकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "त्यानं दरवाजा उघडला नसता त आपला वंश तरी कुठून राह्यला असता? भ्याला म्हणून आपण हाओत. लाज काऊन वाटावी त्याची?"

गोविंदाचा हात तसाच वर होता, मग आपोआप खाली आला. काका म्हणाले, घरी चाल. काकू म्हणाल्या, पोरगी घरी पोचू द्या. आणि त्यांनी प्रेरणाचा हात धरला. जिन्यातली पोरं सरकेनात. काकू एकेकाला नावाने, त्याच्या आईच्या नावाने हाक मारत खाली उतरल्या. अन्नपूर्णाबाईचा ना रे तू, म्हटल्यावर एक जण भिंतीला चिकटला. मी आणि देवानंद मागून चाललो. बाजारातून, दुकानांसमोरून, उन्हं उतरायच्या वेळी, भगवानरावांची बायको पुंजाजीच्या पोरीचा हात धरून आमच्या वस्तीकडे चालली होती आणि अख्खं गाव बघत होतं. मला वाटत होतं, आता दगड येईल, आता येईल. नाही आला.

सगळं छान झालं असं समजू नकोस. दुसऱ्याच दिवशी पुंजाजीला अडतीवर येऊ नको सांगितलं. आता तो चिखलीला कामाला जातो, पहाटेच निघतो. वाचनालयाच्या वरच्या खोलीला दुरुस्तीसाठी म्हणून कुलूप लागलं. हॉर्न मात्र थांबले. प्रेरणा अभ्यासिकेत जाते. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, आता एकटी जाते.

तू परवा फोनवर विचारलंस, आई वडनेरला कारभारीमामाकडे गेली म्हणतात, मग तिचा फोन का लागत नाही. मी विषय बदलला, कारण तुझी आई माझ्यासमोरच बसली होती, माझ्या सासूबाईंबरोबर शेंगा फोडत, आणि मानेने नको म्हणत होती. वडनेरला ती गेलेलीच नाही, आणि तिचा फोन तुमच्या घरीच बंद पडून आहे. त्या संध्याकाळी प्रेरणाला सोडून ती घरी परतली तर काकांनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलले नाहीत. म्हणाले, तिकडंच बरं वाटते त तिकडंच राह्य. ती तशीच मागे वळून, उजेड असतानाच, आमच्याकडे आली. पहिल्या सकाळी आमच्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन ती बराच वेळ नुसती बसली होती. सासूबाईंनी पाहिलं, मीही पाहिलं, आणि हिला आमच्या घरचं पाणी चालत नसेल, असं जे माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. मग तिने डोळे मिटले आणि पाणी प्याली. संध्याकाळी सासूबाईंच्या हातची भाकर मागून घेतली. काकांची गाडी दोनदा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, आत आली नाही. ते तुला सांगतील, आई रुसली, कोणी तिचे कान भरले, कदाचित माझंच नाव घेतील. तू वडिलांची लाडकी, तुला त्यांचं खरं वाटेल, म्हणून मला आधी लिहायचं होतं. येत्या रविवारी बैठक आमच्या अंगणात आहे आणि बोलायची पाळी तुझ्या आईची. गोविंदाने निरोप पाठवला आहे की आम्हीही ऐकायला येऊ. कोण कशासाठी येईल मला माहीत नाही, आणि मला भीती वाटते आहे. तू ये. आधी काकांकडे न उतरता सरळ आमच्याकडे ये. तुझ्या आईला विचारलं, अश्विनीला तुमच्याकडून काय लिहू, तर शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तिले लिही, तुही माय पळून नाही आली. दिवसाउजेडी, चपला घालून, दारातून आली."

तुझीच, आणि सध्या तुझ्या आईचीही,
महामाया