थंडगार खोली

धाकटी डहाणू,
८ एप्रिल २०२५

चि. सौ. हिनास,
जमुनाचे खूप आशीर्वाद. विपुल वेळेवर जेवतो ना? क्रांतीचा दात पडला का? इकडे आम्ही बरे आहोत. बोंबील भरपूर आलेत, अंगणात बांबूंवर वाळताहेत.

फोनवर बोलले असते, पण मी रडायला लागते आणि मग विपुल वैतागतो.

निलम नावाची कॉलेजची मुलगी तीन महिन्यांपूर्वी घरोघर हवा तपासायच्या छोट्या डब्या टांगून गेली होती. दगडामातीतून रेडॉन नावाचा वायू निघतो म्हणे, त्याला ना वास ना रंग. आपल्या घरात तो तुमच्या खोलीतच जास्त निघाला. अगं बाई, एवढ्या हौसेनं बांधलेली खोली! माशांचा वास मुरू नये म्हणून जमिनीला ग्रॅनाइट, भिंतींनाही छतापर्यंत ग्रॅनाइट, खिडक्यांच्या काचा चिकटवून पक्क्या बंद. निलम म्हणाली, "मावशी, काही ग्रॅनाइटमधून हा वायू जास्त निघतो. त्यात तुम्ही हवाच कोंडलीत. वर्षानुवर्षं असा श्वास घेणं फुफ्फुसांना वाईट."

मी विचारलं, सुट्टीपुरतं कुणी राहिलं तर? ती म्हणाली, तेवढ्यानं लगेच काही होत नाही. खरं सांगते हिना, ते ऐकून तुला काही कळवायचंच नाही असं ठरवलं होतं मी. खिडक्या होत्या तशाच बंद ठेवायच्या, म्हणजे वास येणार नाही आणि मे महिन्यात तुम्ही याल.

पण क्रांती त्या गार लादीवर पोट टेकून चित्रं काढते, ते डोळ्यांसमोरून हलेना. आणि मीही वर्षभर दुपारची तिथंच पडते. तिच्या उशीला पावडरचा वास येतो म्हणून. हे विपुललाही ठाऊक नाही.

काल तुझ्या सासऱ्यांनी काचा काढल्या. "एवढा खर्च केला, आता फोडा!" म्हणून दिवसभर माझ्यावर ओरडत होते. वारा छान येतो आता. पण बांबू खिडकीसमोरच आहेत गं, आणि अंगण एवढंसंच. ते हलवू कुठं? बोंबील वाळवले नाहीत तर खाऊ काय?

खोली बांधण्याआधी एकदा तू नाकाला रुमाल लावून जेवलीस. मला फार लागलं होतं. तरी त्याच रुमालासाठी खोली बांधली. चुकलंच माझं, मी तुझ्याशी बोलायला हवं होतं.

आता ये म्हणायला तोंड नाही आणि येऊ नकोस असं लिहायला हात धजत नाही. क्रांतीची उशी मात्र पेटीत घालून ठेवली आहे, तिला बोंबलांचा वास लागायला नको.

उघड्या खिडकीशी बसलेली,
तुझी सासू
जमुना