यादीतील चौथी ओळ खोडण्याबाबत

दि. १४ मार्च

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
राज्य आरोग्य विभाग

विषय: सेवा मिळालेल्यांच्या यादीतून माझ्या पत्नीची नोंद खोडून श्रीमती विल्मा स्टॅम्पर यांना परवाना देण्याबाबत.
संदर्भ: आपले नकाराचे पत्र, दि. २ मार्च.

महोदय,

मी ऑर्व्हिल टॅकेट, राहणार लॉरेल फोर्क, ब्रॅडक काउंटी. एकतीस वर्षे कोळशाच्या खाणीत होतो. अर्ज लिहिण्याची सवय नाही.

१. आमच्या काउंटीत मरणाच्या दारातल्या माणसाची घरी येऊन शुश्रूषा करण्याचा परवाना एकाच संस्थेला आहे. तिचे कार्यालय डोंगरापलीकडे, ऐंशी मैलांवर. निवृत्त नर्स विल्माबाईंनी दुसरा परवाना मागितला. आहे ती संस्था पुरेशी आहे, दुसरीची गरज नाही, असे आपण कळवले आणि पुराव्यादाखल गेल्या वर्षी सेवा मिळालेल्या अकरा जणांची यादी जोडली. चौथी ओळ: 'स्त्री, वय ६८, लॉरेल फोर्क'. त्या वर्षी इथे अडुसष्ट वर्षांची एकच बाई वारली. ती माझी नेल्डा.

२. नऊ दिवस मी त्या संस्थेला फोन करत होतो. "रस्ता मोकळा झाला की पाठवतो," एवढेच उत्तर. शेवटचे दोन दिवस नेल्डा ओरडत होती आणि घरात औषध नव्हते.

३. संस्थेची नर्स आली ती दफनाच्या दिवशी. दफनानंतरची पंगत चालू होती. मेहुणी रूबी दारातच म्हणाली, "उशीर केलास गं. आता आलीच आहेस तर चार घास खाऊन जा." ती जेवली. निघताना तिने कागद पुढे केला. "आले होते एवढंच लिहिलंय, काका. सही करा." एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. मी सही केली. तीच आपण सेवा म्हणून मोजली. सेवा झाली असेल तर ती आम्ही तिची केली.

४. उरलेल्या दहांपैकी सात जणांच्या घरी मी जाऊन विचारले. नर्स पोहोचली तेव्हा त्या सातांपैकी फक्त तिघे जिवंत होते.

५. शेजारी हर्शेल कॉम्ब्स यांना डॉक्टरांनी दोन आठवडे दिले आहेत. परवान्यांचा आपला पुढचा आढावा ऑक्टोबरात. हर्शेल म्हणतो, "साहेबांना विचार, तोवर थांबू का?" मी विचारत नाही. उद्या सकाळपासून विल्माबाई त्याच्याकडे जातील. गाडी मी चालवणार. हा गुन्हा असेल तर तपासनीस पाठवावा. पुलानंतर डावीकडचे दुसरे घर. तो वेळेत पोहोचला, तर आपल्या विभागाकडून आमच्याकडे वेळेत आलेला तो पहिला माणूस असेल.

सोबत: चर्चचा दफनाचा दाखला, सात कुटुंबांची सहीची निवेदने.

उत्तरासाठी न थांबणारा,
ऑर्व्हिल टॅकेट