‘पितळी कुलूप’चा शेवट आणि अंबरपेठेतले घर

मी, भामा हिम्मतराव लोमटे, वय सदुसष्ट, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, हात लिहिता आहे तोवर लिहून टाकावे म्हणून. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टर मंगलाबाईंनी तपासून तसे सांगितले आहे. तपासताना त्यांनी मला आजचा वार आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. वार मी लगेच सांगितला. पंतप्रधानांबद्दल मी त्यांना विचारले, की यंदा इतक्यांदा बदलले, तुम्हाला नक्की कोणते हवेत? तेवढ्यावर त्यांनी मला पास केले.

कलम पहिले. यजमान वारले त्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते, ते आता रद्द समजावे. त्यात सर्व काही चिरंजीव विक्रम यास, एवढेच होते. तेव्हा मला दुसरे कोणी सुचले नव्हते.

कलम दुसरे, घराविषयी. अंबरपेठेतले हे घर माझ्या नावावर आहे. यजमान परभणीकडच्या शेतकरी घरातले. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेत आले आणि अफझलगंजला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान टाकले. दुकानाला बरकत आली तेव्हा त्यांनी हे घर बांधले. बांधताना मिस्त्रीला सांगितले की खालचा हॉल लांबलचक हवा, मधे खांब नको. मिस्त्रीने विचारले, लग्ने लावणार काय? यजमान म्हणाले, सिनेमा दाखवणार. मिस्त्री हसला, पण खांब घातला नाही. त्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे.

विक्रम संगणकाच्या नोकरीत आधी पुण्याला होता, आता अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी आला तेव्हा आमच्या दोन्ही बाजूंची घरे पाडून तिथे चार-चार मजले उभे राहिले होते. तो म्हणाला, “आई, बिल्डर आपल्याला फ्लॅट द्यायला तयार आहे. त्या हॉलमध्ये आता येतं कोण?”

प्रश्न रागावण्यासारखा नव्हता. घरोघरी केबल आल्यापासून आमच्या शनिवारच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्याच राहत होत्या. मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. ते पुढच्या कलमांत आहे, म्हणून ती लांबली आहेत. वकिलांनी कापायला सांगितले. मी कापली नाहीत.

कलम तिसरे, प्रोजेक्टर आणि त्यावरून झालेले भांडण. यजमानांनी आबिड्सच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणला, उघडला, दुरुस्त केला आणि मला चालवायला शिकवला. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही मराठी चित्रपट दाखवत असू. हैदराबादेत मराठी चित्रपट क्वचितच लागत, त्यामुळे काचीगुड्याहून, सुलतान बाजारातून माणसे येत. त्यातले दोघे कायमचे झाले. एक उषाताई, पुण्याच्या, इथल्या शाळेत मराठी शिकवत. त्यांचे यजमान कारखान्यात होते, लवकर गेले, मूलबाळ नाही. दुसरे हणमंतराव, नांदेडकडचे, पाटबंधारे खात्यात नोकरीला.

आम्हा चौघांचा दिग्दर्शक एकच, रघुवीर तेरदाळकर. त्यांनी सातच चित्रपट केले आणि पुढे कोल्हापूरला घरी बसले. दिवाळीनंतरच्या शनिवारी प्रत्येकाने त्या सातांचा क्रम लावायचा आणि का ते सांगायचे, असा आमचा रिवाज होता. यजमानांचा क्रम दर वर्षी बदलायचा. ‘तिसऱ्या पुलाखाली’ एकदा पहिला, एकदा पाचवा. विचारले तर म्हणत, चित्रपट तोच आहे, मी तो कुठे राहिलोय? उषाताईंचा पहिला ‘पाहुणा अजून गेला नाही’, तो कधी हलला नाही. हणमंतरावांचा पहिला ‘पितळी कुलूप’. उषाताई त्याला शेवटचा ठेवत.

‘पितळी कुलूप’मध्ये यमुना नावाची विधवा आहे. सासरचे तिला राबवून घेतात. शेवटी ती घराला कुलूप लावते आणि किल्ली हातात घेऊन अंगणात उभी राहते. पुढे काय होते, यावर भांडण. उषाताईंनी तो पुण्याला थिएटरात पाहिला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दीर येतो, माफी मागतो, यमुना कुलूप उघडून आत जाते. हणमंतरावांनी तो लहानपणी जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत पाहिला होता. ते म्हणत, दीर-बीर कोणी येत नाही. यमुना किल्ली विहिरीत टाकते आणि गाडीवाटेने चालू लागते. आमच्याकडची प्रत यजमानांनी नांदेडच्या एका तंबूवाल्याकडून घेतलेली. तिचे शेवटचे रीळ झिजून तुटले होते. यमुनेचा हात कुलपावर, आणि पडदा पांढरा. त्यामुळे पुरावा कोणाकडेच नाही.

पुष्कळ वर्षे हे हसत चालले. पण यजमान जाण्याच्या तीन-एक वर्षे आधी, दिवाळीनंतरच्याच शनिवारी, उषाताई म्हणाल्या, “हणमंतराव, तुम्ही पोर होता, तंबूत झोप लागली असेल. असा शेवट नाहीच मुळी. स्वप्नात पाहिलात तुम्ही.”

हणमंतराव उभे राहिले. एरवी फार मऊ माणूस. म्हणाले, “तुमच्या पुण्याला बाई घरात परत गेल्याशिवाय घास उतरत नाही, हौ ना?”

“माझं पुणं काढू नका.”

“नक्को, काढत नाही. येतच नाही मी.”

आणि खरेच आले नाहीत. यजमानांनी दोनदा घरी जाऊन पाहिले, चहा घेऊन परत आले. यजमान गेले तेव्हा हणमंतराव आले, सगळे होईपर्यंत थांबले, पण उषाताई होत्या त्या खोलीत पाऊल ठेवले नाही. एका चित्रपटाच्या शेवटासाठी माणूस इतका का तुटतो, याचे मला कोडे पडले. राग नव्हता. नुसते जाणून घ्यायचे होते.

कलम चौथे, कोल्हापूरची हकीकत. दोन वर्षांपूर्वी एका वाहिनीवर दुपारी ‘पितळी कुलूप’ लागणार असे वर्तमानपत्रात वाचले. मी दोघांना वेगवेगळे फोन केले आणि दुसरा येणार आहे हे कोणालाच सांगितले नाही. दोघे माझ्या दारात समोरासमोर आले. परत फिरावे तर चित्रपट सुरू होत होता. दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले. यमुनेने कुलूप लावले, किल्ली हातात घेतली आणि वाहिनीने साबणाची जाहिरात लावली. जाहिरात संपली तेव्हा दुसराच कार्यक्रम चालू झाला होता.

मी उठून टीव्ही बंद केला. मग उषाताईंना हसू फुटले. हणमंतरावही हसले, पण तोंड भिंतीकडे करून.

मी म्हटले, “ज्याने केला तो माणूस अजून आहे. त्यालाच विचारू या.”

असे आम्ही तिघे कोल्हापूरला गेलो. तेरदाळकर ऐंशीच्या पुढचे, नजर अधू झालेली, पण आवाज खणखणीत. आम्ही एवढ्या लांबून कशासाठी आलो हे ऐकून त्यांनी आधी विचारले, “चहा कितपत गोड?” चहा झाल्यावर सांगितले, ते असे. चित्रपट पुरा झाला तेव्हा यमुना चालत जाते असाच शेवट होता. पहिल्या काही प्रती मराठवाड्यातल्या तंबूवाल्यांनी नेल्या. मग वितरकाने पाहिला आणि म्हणाला, शहरातले कुटुंबवत्सल लोक हा बघणार नाहीत. पैसा त्याचा होता. दीर बोलावला, माफी मागवली, नव्या प्रती काढल्या. तंबूंकडे गेलेल्या प्रती परत मागवण्याचा खर्च कोणी केला नाही.

“तुमच्या प्रतीतून तुटला तो बहुधा पहिलाच शेवट असणार,” ते मला म्हणाले. “मूळ मी जपून ठेवला नाही. मी स्वतः तो पुन्हा कधी पाहिला नाही.” मग हणमंतरावांकडे वळले. “तुम्ही पाहिलाय. सांगा बघू मला. विसरलोय मी.”

हणमंतरावांनी सांगितले. यमुना विहिरीत वाकून बघत नाही, नुसती मूठ उघडते. पाण्याचा आवाज येतो तेव्हा ती पुढे गेलेली असते. वाटेत एक बैलगाडी तिला ओलांडते, ती बसत नाही. तेरदाळकर डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “बैलगाडी. हो, बैल बुजत होते. अर्धा दिवस गेला.” थोड्या वेळाने विचारले, “तुम्हाला इतकं बारीक कसं राहिलं?”

तेव्हा हणमंतराव बोलले, ते इतक्या वर्षांत आम्हाला ठाऊक नव्हते. त्यांना आईवडील नव्हते. थोरली बहीण त्रिवेणी, तिने शाळेसाठी त्यांना आपल्या सासरी ठेवून घेतलेले. ती तरुणपणीच विधवा. सासरी पहाटेपासून कामाला जुंपलेली, भावाच्या जेवणावरून बोलणी खाणारी. जत्रेत तंबू आला तेव्हा दोघे लपून गेले. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने हणमंतरावांचे दप्तर बांधले आणि म्हणाली, “चल.” दोघे चालत स्टेशनवर आले आणि हैदराबादची गाडी धरली. इथे ती दवाखान्यात आयाची कामे करता करता नर्स झाली, भावाला शिकवले. आमचे भांडण झाले त्याच्या आदल्या वर्षी ती वारली होती.

उषाताई म्हणाल्या, “हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुम्ही म्हणालात, असा शेवट नाहीच. मग अक्का कशाच्या भरवशावर निघाली होती, ते कसं सांगू?”

उषाताईंनी चष्मा काढून पुसला आणि हातातच ठेवला. तेरदाळकरांनी विचारले, “नाव काय म्हणालात बहिणीचं?” हणमंतरावांनी पुन्हा सांगितले. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हटले. निघताना मी त्यांना त्यांच्याच चित्रपटांचा क्रम विचारला. म्हणाले, “कालपर्यंत ‘पितळी कुलूप’ शेवटचा होता. आता मला विचार करावा लागेल. वय बघता लवकर करतो.” त्याच उन्हाळ्यात ते गेले. विचार पुरा झाला की नाही, कळले नाही.

परतीच्या गाडीत उषाताई म्हणाल्या, “मी पाहिलेला चित्रपट शेवटचाच राहील. तुम्ही पाहिलेला मी पाहिला नाही, त्याला नंबर देणं लबाडी होईल. आपण सातांचे आठ धरू.” हणमंतराव म्हणाले, “हौ. चालेल.” एवढीच माफी मागितली गेली, आणि ती पुरली. तेव्हापासून शनिवारी तीन खुर्च्या भरतात. अलीकडे चार-पाच नवीन माणसेही येतात, त्यांत दोघे तेलुगू. त्यांना मराठी फारसे येत नाही, पण भांडणात भाग घेतात.

कलम पाचवे. वरील कारणांवरून मी ठरवते, ते असे. घर विक्रमचे. परंतु खालचा हॉल व त्यालगतची खोली व स्वयंपाकघर यांत उषाताईंनी हयातभर विनाभाडे राहावे. काचीगुड्याचे त्यांचे घर मालक पाडणार आहे आणि त्या हे कोणाला सांगत नाहीत. त्यांच्या हयातीत हे घर पाडता किंवा विकता येणार नाही. हे मी विक्रमला त्रिवेणीच्या हकीकतीसकट फोनवर सांगितले. तो म्हणाला, “आई, तू मला विचारते आहेस की सांगते आहेस?”

“सांगते आहे.”

तिकडे दार लावल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. महागडा फोन, मला त्याचेच वाईट वाटू लागले. मग म्हणाला, “ती बाई खरंच एक सिनेमा बघून निघाली?” मी म्हटले, हणमंतरावांना विचार. त्याने त्याच आठवड्यात विचारले. त्यानंतर बिल्डरचे नाव निघाले नाही. माझा मुलगा समजूतदार आहे, हे या कागदावर नोंदलेले असावे.

कलम सहावे. प्रोजेक्टर, पडदा, फिती जोडण्याचे सामान आणि ‘पितळी कुलूप’ची तुटकी प्रत हणमंतरावांना. प्रोजेक्टर हॉलमधून हलवू नये. दिवा गरम असताना यंत्र उचलू नये. त्यांना घाई असते.

कलम सातवे. दीर एकनाथराव यांना काही नाही. बाईमाणसाने चार पुरुषांत यंत्र चालवणे शोभत नाही, असे ते यजमानांच्या दहाव्याला म्हणाले होते आणि त्याच दिवशी दुकानाच्या किल्ल्या मागितल्या होत्या. शनिवारी आले तर पुढच्या रांगेत बसवावे. त्यांना लांबचे दिसत नाही.

कलम आठवे. बँकेत जे असेल त्यातून आधी माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे, उरेल ते विक्रमचे. दागिने सुनेला. तिला आवडले नाहीत तर मोडून तिच्या आवडीचे करावेत, मी बघायला येणार नाही.

कलम नववे. मी माझा क्रम कधीच कोणाला सांगितला नाही. प्रोजेक्टर चालवणाऱ्याने बाजू घेऊ नये, असे म्हणत मी टाळत आले. उषाताईंना वाटते मी मनातून त्यांच्या बाजूची, हणमंतरावांना वाटते त्यांच्या. यमुना गेली की राहिली, यात मला काय वाटते, असेही दोघांनी विचारले आहे. मी विधवा होऊन याच घरात राहिले. कोणी माफी मागितली म्हणून नव्हे, मला राहायचे होते म्हणून. असा शेवट दोन्ही प्रतींत नाही. आठांचा क्रम मात्र मी इथे लिहिणार नाही. मृत्युपत्रातल्या क्रमाशी वाद घालता येत नाही, आणि वाद न घालता ही दोघे काय करतील? ज्याला विचारायचे त्याने येत्या शनिवारी यावे. मी आहे.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मला तो कळला. ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून उषाताई व हणमंतराव बाहेर बसले आहेत आणि आत काय चालले आहे ते दारातून विचारत आहेत.

भामा हिम्मतराव लोमटे
(सही)

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही एकमेकांसमक्ष साक्ष घातली:
१. डॉ. मंगला पतंगे, अंबरपेठ (सही)
२. अविनाश सोळंके, औषध दुकानदार, अंबरपेठ (सही)

मुक्काम अंबरपेठ, हैदराबाद
दिनांक १७ नोव्हेंबर १९९६