धारवरून दोनदा गेलो, त्याबद्दल

देवास,
२५ ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप सौ. बकुळाअक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे शरदचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग कागदावरच घालतो.) इकडे सर्व खुशाल आहे, आणि हे वाक्य मी रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. पुढे वाचताना मधेच तुझ्या हातापायांतलं बळ जाईल, तेव्हा परत या ओळीवर ये आणि वाच: सर्व खुशाल आहे. भावोजींचा, म्हणजे ती. भैयासाहेबांचा, दमा कसा आहे? तुझ्या शाळेतल्या मुलींना अजून प्रार्थना शिकवतेस ना? नऊ वर्षांत तिळगुळाच्या कार्डापलीकडे न गेलेल्या भावाने एवढ्यावर चौकशी आटोपावी हे बरं दिसत नाही, पण पुढे पत्रात फार गर्दी आहे.

तर आषाढात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. (सर्व खुशाल आहे.) उजवी बाजू गेली होती, ती बरीचशी परत आली, वाचा मात्र गेली. तुला कळवलं नाही. का, ते तुला ठाऊक आहे. आमच्या चिरंजीवांच्या मुंजीत तू गात असताना तात्या भर मांडवात मोठ्याने म्हणाले, "बकुळे, पंचम उतरतोय," आणि तू पेटी मिटून, न जेवता, दुपारच्या मोटारीने धारला निघून गेलीस. (पंचम म्हणजे नक्की कुठे असतो आणि तो उतरून कुठे जातो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.) त्यानंतर घरात तुझं नाव निघता कामा नये असं तात्यांचं फर्मान होतं. आता डॉक्टर म्हणाले, पेशंटला उत्तेजित होऊ देऊ नका. मी दोन्ही हुकूम शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि गप्प बसलो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोडच असते, वरून चिठ्ठी आल्याशिवाय तो एक बोल्ट जागचा हलवत नाही. चुकलो, अक्का. हे पत्राच्या शेवटी लिहिणार होतो, पण तोवर धीर टिकेल याचा भरवसा नाही.

वाचा गेली म्हणजे सगळी गेली असंही नाही. एक शब्द उरला होता, सरदारपूर. तात्या, चहा घेणार? सरदारपूर. दुखतंय का कुठे? सरदारपूर. चहात साखर कमी पडली की हाच शब्द असा कडक निघे की तुझी भावजय कल्पना डबा घेऊन धावत येई. सुरुवातीला आम्ही रडलो, मग सवय झाली, मग विचार करू लागलो. माणूस सगळं विसरतो आणि एक गाव धरून बसतो, म्हणजे त्या गावात काहीतरी असणार. तात्या नायब तहसीलदार म्हणून तिथे तीन वर्षं होते, पण ते माझ्या जन्माआधी. (माझा जन्म पुढच्या बदलीतला, कुक्षीचा.) कल्पनाचं मत पडलं की तिथला एखादा नवस फेडायचा राहिला असेल. माझं मत, कसलीतरी फाईल. शेजारच्या विनोदिनीबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, तिथे कुणी बाई वगैरे होती का? यावर कल्पना दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, जाऊन यायला काय हरकत आहे?

म्हणून श्रावणात रघुजीची जीप ठरवली. (रघुजी आमच्या गल्लीतलाच, माळव्यातल्या सगळ्या रस्त्यांना त्यांच्या खड्ड्यांवरून ओळखतो.) मागच्या सीटवर तात्या, उशा, कल्पना, थर्मास. इंदूरपर्यंत तात्या शांत होते. धार आलं, आणि त्यांनी डाव्या हाताने जीपचा दांडा बडवायला सुरुवात केली. सरदारपूर, सरदारपूर, सारखं तेच. मी वळून मोठ्या प्रेमाने समजूत घातली की तात्या, तिकडेच चाललोय, अजून पुढे आहे. रघुजीने ब्रेकवर पाय ठेवला. "भिया, बासाब उतरने का के रिये हैं." मी म्हटलं, रघुजी, तात्यांना इथे उतरायचं नाही, तू गाडी चालव. धारमधून जातोय हे मला कळत होतं. तुझ्या गल्लीचं वळण आलं तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला पाहिलं, हेही लिहून टाकतो.

सरदारपुरात अख्खी दुपार आम्ही तात्यांना एकेका जागी उभं करून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. कचेरी दाखवली, देऊळ दाखवलं. काही नाही. शेवटी कचेरीमागच्या चाळीत एक ऐंशीच्या घरातली बाई भेटली, जमुनाबाई, जुन्या चपराशाची बायको. (कल्पनाने तिला नखशिखांत पाहिलं आणि सुस्कारा सोडला.) जमुनाबाईने तात्यांना लगेच ओळखलं. म्हणाली, साहेब रोज संध्याकाळी या ओट्यावर छोरीला मांडीवर घेऊन गात. एक ओळ साहेब म्हणायचे, पुढची छोरी. मग तिने मला विचारलं, "छोरी कां है?" मी म्हटलं, धारला असते. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी काय केलं म्हणशील? कल्पनाला म्हटलं, प्रवास त्यांना मानवला नाही, निघू या. परत येताना धारला पुन्हा तोच दांडा, तोच शब्द. रघुजीने या खेपेला नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग गणपती आले. आरतीला तात्यांना खुर्चीत बसवलं होतं, नुसतं बघायला. मी सुरुवात केली (चुकीच्या पट्टीत, असं कल्पना म्हणते), आणि दुसऱ्या ओळीपासून तात्या गाऊ लागले. शब्दांसकट, स्वच्छ, पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. कल्पनाच्या हातातलं तबक खाली पडलं आणि ते कुणी उचललंही नाही. आरती संपली. मी त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, तात्या, बोला. तात्या म्हणाले, सरदारपूर.

दवाखान्यात इंदूरहून दर गुरुवारी डॉ. अलका येते. मराठी घरातली आहे, शिक्षण सगळं हिंदीत. तिला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "काका, बोलणं आणि गाणं दिमागमध्ये अलग-अलग कमऱ्यात राहतात. एका कमऱ्याची छत पडली, दुसरा शाबूत आहे. आता तिकडूनच सामान काढायचं." म्हणजे रोज लागणारी वाक्यं चालीत बसवायची, तात्यांनी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा आणि ती म्हणायची. तेव्हापासून आमच्या घरात पाणी हवंय हे आरतीच्या चालीवर मागितलं जातं आणि पाठ खाजवा हे पाळण्याच्या. कल्पनाही चालीतच उत्तर देते. दूधवाल्याने दोन दिवस दारात उभं राहून ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी भाव चालीवर सांगितला. मला मात्र या कामातून काढून टाकलं आहे. मी एकदा "तात्या, औषध घ्या" गायलो, तर तात्यांनी चांगल्या हाताने कान झाकला. शिकवणीच्या वेळी मला अंगणात बसावं लागतं.

पुढे अलका आपले इतर पेशंटही आमच्याकडेच आणू लागली. खंडोजी म्हणून निवृत्त हवालदार आहेत, कंपवाताने त्यांचे पाय उंबऱ्याशी चिकटतात. तात्यांनी टाळ धरला की ते परेडमध्ये चालावं तसे चालतात. (एकदा तात्यांनी मधेच चहासाठी टाळ खाली ठेवला, तर चहा संपेपर्यंत खंडोजी एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असे उभे.) शशिकलाबाईंना स्वतःची सून ओळखू येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या शंभर येतात. अर्धा तास गायल्या की त्यांना सून ओळखू येते आणि तिच्या वरणातल्या चुकाही आठवतात. पहिल्या गुरुवारी ती सून आनंदाने रडली होती, आता ती त्यांना ओसरीत बसवून बाजारात जाते. गल्लीतल्या माळवी बायका ढोलक घेऊन येतात. ज्या विनोदिनीबाईंशी कल्पना बोलत नव्हती, त्या आता तिच्या शेजारी बसून झांजा वाजवतात.

तर असं आहे. तात्या खातात, झोपतात, काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, गाऊन का होईना पण रागावतात. काळजीचं काही उरलं नाही. दिवाळीत तुलाही कामं असतील, मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नकोस. ती. भैयासाहेबांना नमस्कार, आणि माझ्यावर रागावायचं असेल तर थोडा राग दिवाळीनंतरसाठी ठेव.

तुझा,
शरद

ता. क. (दुसऱ्या दिवशी सकाळी.) पत्र टाकायला निघालो होतो, कल्पनाने काढून घेऊन वाचलं आणि म्हणाली, मुख्य गोष्ट लिहिलीच नाही. लिहिण्याची लाज वाटली, म्हणून राहिली. गेले दहा दिवस तात्या संध्याकाळी एक चाल गुणगुणतात, आमच्यापैकी कुणाला माहीत नसलेली. तिच्या शेवटी ते म्हणतात, "बकुळे." कुणी शिकवलेलं नाही. झटक्यानंतर त्यांचा स्वतःचा असा पहिला शब्द हा आहे. तिथे ते थांबतात आणि दाराकडे बघत राहतात. कल्पनाने पुढे काहीतरी गाऊन पाहिलं, त्यांनी मान हलवली. मी गायलो, तर सरदारपूर, तेही साखर कमी पडल्यावरचं. तेव्हा कुठे मला जमुनाबाईचा ओटा आठवला. पुढची ओळ तुझ्याकडे आहे, अक्का. येण्याची तसदी घेऊ नकोस असं वर लिहिलंय, ते खोडलेलं समज.

ता. क. २ (अक्षर वाईट आहे, कारण मांडीवर लिहितोय.) हे पत्र तुला पोस्टातून मिळणार नाही, रघुजी आणून देईल. आज धार आलं तेव्हा तात्यांनी दांडा बडवला, रघुजीने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, घे डावीकडे. जीप तुझ्या फाटकासमोर उभी आहे. मागे तात्या आहेत. मी पुढे आहे, पण तू आधी मागे बघ.

ता. क. ३ अलका सांगत होती की त्यांचा पंचम आता फार उतरतो. आमच्यापैकी कुणाची ते त्यांना सांगायची हिंमत नाही. तू सांग.