ओढ्याकडे ठिपका नाही

जुन्नर, रविवार

प्रिय वृषाली,

काल मी मंचरला तुमच्या घरी आले होते. तू वरच्या खोलीतून खाली आली नाहीस. फोन तू बंद ठेवला आहेस. जे सांगायचं आहे ते जिन्याखालून ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहावं लागतं आहे. तुझ्या वडिलांनी स्वतः चहा करून दिला. "बाई, लंकाबाई गेल्यापास्नं पोरगी धड जेवत न्हाई. तुमचं ऐकंल ती," असं म्हणाले. मी तुला जेव म्हणून सांगायला आले नव्हते, पण हे त्यांना सांगवलं नाही. पिंपळवंडीत लंकाबाईंना आता लोक बेफिकीर म्हणतात. त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

मंचरच्या शाळेत तू नववीत माझ्या वर्गात होतीस. उत्तर येत असूनही हात वर करायची नाहीस. पुढे मी निवृत्त झाले आणि तू काम करतेस त्या वन्यजीव संस्थेने मला बोलावलं, नव्या संशोधकांना आपलं काम लोकांपुढे मांडायला शिकवा म्हणून. पहिल्याच तुकडीत तू निघालीस. बिबट्या मादीच्या गळ्यात तिची जागा कळवणारी कॉलर घालून तिचा माग काढणारी, आणि चार माणसांपुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडणारी. सरावाला मी माझ्या नवऱ्याला, आमच्या घरच्या नवाबना, श्रोता म्हणून बसवायची. तुझं पहिलं भाषण ऐकताना ते खुर्चीतच झोपले. तू रडवेली झालीस, तेव्हा ते डोळे चोळत म्हणाले होते, "बेटा, आवाज छान आहे तुझा. झोप फार छान लागली." तू हसलीस आणि त्या दिवसापासून तुला बोलता यायला लागलं.

तुझा तो नकाशाही मला आठवतो. आधी त्यावर इतक्या रेघा आणि आकडे होते की माझं मलाच आमचं जुन्नर सापडेना. मी म्हटलं, सगळं काढ. ओढा ठेव, रस्ता ठेव, वस्त्या ठेव आणि मादी जिथे जिथे गेली तिथे लाल ठिपके दे. खाली बारीक अक्षरांत सहा ओळी होत्या. मी सांगितलं, एकच राहू दे. कोणती, ते तू ठरव. हा एकाच मादीचा वावर आहे, कॉलर नसलेले बिबटे इथे आणखी आहेत, अशी त्यात एक ओळ होती. तू संस्थेच्या आभाराची ओळ ठेवलीस. छापून आलेला नकाशा मी पाहिला आणि छान झाला आहे म्हणाले. माझा वाटा मी नाकारत नाही. पण तो मोजत बसण्यासाठी हे पत्र नाही.

पिंपळवंडीच्या दूध संकलन केंद्रातल्या तुझ्या भाषणाचं चित्रण मी या आठवड्यात पुन्हा पाहिलं. संस्थेला ते पुढच्या तुकडीला नमुना म्हणून दाखवायचं आहे. खरोखरच उत्तम बोललीस तू. सुरुवातीलाच लंकाबाईंना पुढे बसवलंस. ज्यांच्या पडवीत तू अख्खा हंगाम काढलास, ज्यांच्या हातची भाकरी खाल्लीस, त्यांना पहिली जागा दिलीस. त्यांच्या गळ्यात तो खिळ्यांचा पट्टा होता. मानेवर झडप बसू नये म्हणून बाया शेतात जाताना घालतात तो. बाकीच्या कधी घालायच्या, कधी नाही. लंकाबाई मात्र न चुकता घालायच्या. पत्रा टोचतो म्हणून आतून हिरव्या लुगड्याचा काठ शिवून घेतला होता. चित्रणात मागून कुणीतरी म्हणते, "लंका, लगीन हाय का कुठं? ठुशी घालून आलीस ती!" आणि लंकाबाई मान न वळवता म्हणतात, "तुजाच म्हातारा घिऊन आला, मला म्हनला घाल." सगळं केंद्र हसतं. तूही हसतेस.

मग लंकाबाई नकाशाकडे बोट करून विचारतात, "मंग पोरी, आमच्या ओढ्याकडं न्हाई ना येत ती?" तू नकाशाकडे बघतेस आणि म्हणतेस, "ओढ्याकडे एकही ठिपका नाही, मावशी."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मादी खरोखर ओढ्याकडे कधी गेली नव्हती.

माझा एक नियम होता, आठवतो? भाषण संपलं की समोरच्या दोघातिघांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचं, काय समजलं ते. आपण काय बोललो याला किंमत नाही, त्यांनी घरी काय नेलं याला आहे. पण वडापाव आले, मागची माणसं उठली, सरपंचांना तुझ्याबरोबर फोटो हवा होता. तू तेवढं सोडून दिलंस. सोडलं नसतंस तर लंकाबाई तुला तिथेच म्हणाल्या असत्या की ओढ्याकडे वाघाची भीती नाही, तुझ्या नकाशात ती जागा कोरी आहे. आणि तू दचकून उभी राहिली असतीस. आपल्याला न दिसलेलं आणि तिथे नसलेलं यातला फरक तुझ्याइतका कुणाला ठाऊक होता? तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरणच त्यावर आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण सगळं नाही. भाषणानंतर काही दिवसांनी, एका संध्याकाळी लंकाबाई ओढ्याकडच्या मळ्यात गुरांसाठी घास कापायला गेल्या. वाकलेल्या होत्या. ऊस लागूनच आहे. आवाज कुणाला आला नाही. गोरखभाऊ बॅटरी घेऊन बायकोला शोधायला गेले, तेव्हा आधी विळा सापडला. संस्थेने गावाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की कॉलरची मादी त्या वेळी नदीपलीकडे होती, या घटनेशी तिचा संबंध नाही. हेही खरंच होतं. या सगळ्या प्रकरणात खोटं कुणीच बोललेलं नाही, म्हणून तर कुणाला काही वाटतही नाही.

दशक्रियेला तू आली नाहीस. मी गेले होते. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. प्रवचन झालं की पुढाऱ्यांची भाषणं. एकाने माईक घेतला आणि घाटावर बसलेल्या बायांना उद्देशून म्हणाला की ताईंनो, खिळ्यांचे पट्टे वाटलेत ते खुंटीला टांगायला नाहीत, लंकाबाईंच्या निष्काळजीपणातून आपण धडा घेऊ. बाया माना हलवत होत्या. म्हणजे ज्या बाईची पट्ट्यावरून सगळं गाव थट्टा करायचं, ती आता पट्टा न घातल्याचं उदाहरण झाली आहे. गोरखभाऊ खाली बघून बोटाने वाळू उकरत होते. नंतर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, इतकी शानी बाई. त्या दिशीच कशी येड्यावानी वागली? पट्टा खुंटीला. मी रोज बघतो त्याच्याकडं, आन् मला तिचा राग येतो. मेलेल्या मानसाचा राग यावा का?"

तिथून मी दूध केंद्रावर गेले. नकाशा अजून भिंतीवर होता! दोन बाया किटल्या घेऊन त्याच्यापुढे उभ्या होत्या. एक दुसरीला बोटाने दाखवत होती, उद्या गवताला कुठल्या अंगाने जायचं ते. मी स्टूल मागितलं आणि नकाशा उतरवायला लागले. केंद्र चालवणारे हौशीराम धावत आले. "आवो बाई, ऱ्हाऊ द्या की. लोक रोज बघत्यात. लई उपेग व्हतो त्याचा." मी म्हटलं, म्हणूनच काढते आहे. त्या दोघींना मी समजावून सांगितलं की ज्या एकीला कॉलर आहे तिचेच हे ठिपके, बाकीच्यांचा पत्ता कुणालाच नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक म्हणाली, "मंग त्या मॅडमनी तसं का न्हाई सांगितलं?" मला खात्री नाही की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तुझ्यावर त्यांचा पूर्ण होता.

मी नकाशाची गुंडाळी करून निघाले, तेव्हा लंकाबाईंची सून समृद्धी रस्त्याच्या कडेला थांबली होती. पदराखाली काहीतरी धरलेलं होतं. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने तिथे उभ्याउभ्या सांगितलं. गेल्या त्याच्या आदल्या दिवशी सकाळी लंकाबाईंना ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे दिसले होते. घरी येऊन म्हणाल्या, कुत्र्याचे असतील. ज्या बाईने जन्मभर ते ठसे ओळखले, तिने आपल्या डोळ्यांपेक्षा तुझ्या नकाशाला खरं मानलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना समृद्धीने हटकलं होतं, "आत्या, पट्टा?" तेव्हा मान चोळत त्या म्हणाल्या, "आवळतुया गं. आन् ओढ्याकडंच तर जातीय. पोरीनं सांगितलंय न्हवं, तिकडं ठिपका न्हाई." पोरीनं म्हणाल्या, वृषाली. मॅडमनं नाही.

मी समृद्धीला विचारलं, हे तू सासऱ्यांना का सांगत नाहीस? ती म्हणाली, "मी सांगितलं तर म्हनतील, सासूला न घालता जाऊ दिलं आन् आता दुसऱ्यावर ढकलती. ज्यांनी नकाशा लावला त्यांनीच येऊन सांगावं, बाई. आत्या येडी नव्हती, येवढं तरी." मग तिने पदराखालचं माझ्या हातात दिलं.

म्हणून हे पत्र. तुझं सांत्वन करायला नाही आणि तुला फाडून खायलाही नाही. तुला आणखी एक भाषण करायचं आहे आणि त्याची तयारी करून घेणं माझं काम आहे. माईक नको, पडदा नको, सुरुवातीला गोष्ट नको. रडायचं असेल तर मंचरमध्ये रडून घे, तिथे त्यांना तुझी समजूत काढायला लावू नकोस. गोरखभाऊंच्या पडवीत खाली बस आणि सांग की नकाशा एकाच मादीचा होता, हे मी सांगितलं नाही. मावशींनी विचारलं, तेव्हाही सांगितलं नाही. त्या बेफिकीर नव्हत्या, त्यांनी माझं ऐकलं. एवढंच. जास्त बोललीस तर ते स्वतःसाठी असेल. मग गप्प राहा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्या शब्दांत बोलू दे. ते शिव्या देतील, कदाचित हाकलतील. या वेळी कोणी बोलवायला आलं तरी उठू नकोस. हे झाल्यावर तू संशोधन सोड किंवा कर, मी मध्ये पडणार नाही. ते चित्रण मात्र तोवर मी कुणाला दाखवू देणार नाही.

जेवून निघ. नवाब गाडी घेऊन येतो म्हणाले आहेत. मी वस्तीच्या रस्त्याला थांबेन, पडवीत येणार नाही.

तुझीच,
सितारा शेख

सोमवार, मंचर. तू आजही खाली आली नाहीस. तुझ्या वडिलांच्या, रामनाथरावांच्या हाती या पत्रासोबत दिलं ते असं: दूध केंद्राच्या भिंतीवरून उतरवलेला नकाशा, एक. लंकाबाईंचा गळ्याचा पट्टा, आतून हिरवा काठ शिवलेला, एक. नकाशा तुझा आहे. पट्टा त्यांच्या घरचा आहे, तो तुझ्या हातानेच परत जायचा आहे.