सुषमाच्या नावापुढची सही

११ सप्टेंबर, गुरुवार
कबड्डीची प्रॅक्टिस संपल्यावर क्रीडा विभागाच्या सरांनी एलिजिबिलिटी फॉर्म वाटले. आम्ही बारा जणी. हजेरी पूर्ण आहे अशी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची सही लागणार. सही नसेल तर लातूरची स्पर्धा नाही. लातूर नाही तर विद्यापीठाच्या संघात निवड नाही. सर म्हणाले, "कॅप्टन, सोमवारपर्यंत सगळ्यांचे तूच गोळा कर."
माझे इतिहास, मराठी झाले. भूगोल राहिला. सुषमाचा एकही नाही. आमची एकच खरी रेडर, किनवटकडची. मॅटवर चौघींना ऐकत नाही, कागद दिसला की मात्र गायब. म्हणे, "तूच ने की माझा पण."

१३ सप्टें., शनि.
भूगोलाच्या मॅडमनी माझ्या फॉर्मवर उभ्या उभ्या सही केली. सु.चा बघून थांबल्या. हजेरीचे कागद काढले. "ही मुलगी ऑगस्टभर मला वर्गात दिसली नाही. सही मात्र रोजची आहे."
मी म्हटलं, "मागं बसते, मॅडम." तोंडातून निघूनच गेलं.
"सोमवारी पाठव तिला."
त्या सह्या माझ्या आहेत. कागद फिरत आला की आधी माझी करायची, मग तिची. सु. होस्टेलवर झोपलेली असायची.

१५ सप्टें., सोम.
मी दारात उभी होते. मॅडमनी विचारलं, "या सह्या कोणाच्या?"
सु.नं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझ्याच."
"मग इथं एक कर."
केली. जुळली नाही. मॅडम म्हणाल्या, "कोणी केल्या ते सांग."
"माझ्याच हायत."
फॉर्म तसाच परत. बाहेर आल्यावर कँटीनच्या वळणावर ती होस्टेलकडं गेली, मी मैदानाकडं.

१६ सप्टें., मंगळ.
सरांना खरं सांगितलं. सरांनी दार लोटलं. "एक गेलीच आहे. दुसरी पण घालवू का? फॉर्म पाठवून झालेत. लातूरहून आलो की बघू."
ऐकून बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे इथं तरी लिहायला पाहिजे.

२० सप्टें., शनि. लातूर
सेमी जिंकलो. फायनल तीन गुणांनी गेली. शेवटची पाच मिनिटं रेडला पाठवायला कोणीच नव्हती, मीच गेले दोनदा, दोन्हीदा धरली गेले. बाकावरून कोणीतरी म्हणालं, सुषमा असती तर. तिचं नाव का कटलं, हे त्यांना माहीत नाही.
संध्याकाळी विद्यापीठ संघाची यादी वाचून दाखवली. लेफ्ट कॉर्नर, माझं नाव. सगळ्या ओरडल्या, मीपण ओरडले. घरी मुखेडला फोन लावला. आप्पा फोन कानाला धरूनच शेजारच्या काकांना सांगून राहिले होते, "विद्यापीठाकडून खेळणार आपली पोरगी."

२२ सप्टें., सोम. नांदेड
कॉलेजच्या फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव. सु. स्वतःहून आली, हात मिळवला. मी विचारलं, "माझं नाव कामून सांगितलं न्हाई?"
"सांगून काय? दोघी बसलो असतो घरी." मग, "पण एक आयक. सही कर असं मी म्हणले नव्हते. गुडघा दुखत व्हता ते दोन दिवस सोड. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन निघाले व्हते. तूच म्हणलीस, पड गं, संध्याकाळी प्रॅक्टिस हाय, मी बघते."
खरंय. अगदी असंच म्हटलं होतं. एवढे दिवस मी स्वतःला सांगत होते, मैत्रिणीसाठी केलं. मला संध्याकाळी ताजी रेडर पाहिजे होती.

२३ सप्टें., मंगळ.
मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं, आधीच ओळखलं असेल. नव्हतं ओळखलं. मग म्हणाल्या, "तुझ्या फॉर्मवर सही माझी आहे. तुझी हजेरी मी मोजलीच नाही. कॅप्टन म्हणून केली."
समोर बसून मोजली. भरली, जेमतेम.
"लिहून दे. मीपण माझं लिहून देते."
सरांना कळलं. "तुला विचारलं होतं का कोणी?" एवढंच. त्यानंतर प्रॅक्टिसला माझ्याशी शिट्टीनंच बोलले.

२५ सप्टें., गुरु.
माझा आणि मॅडमचा, दोन्ही अर्ज प्राचार्यांकडं. निर्णय होईपर्यंत माझं नाव थांबवलंय. विद्यापीठ संघाचा कॅम्प ६ ऑक्टोबरला, लातूरलाच.
वाटलं होतं सु. खूश होईल. ती चिडली. "माझं काय परत आलं का? लातूर होऊन गेलं. तुला आता हलकं वाटत आसंल."
थोडं वाटतंय.
दुपारी आप्पांना सांगितलं. मग, "कोणी लिहायला लावलं?"
"कोणी न्हाई."
"लिहिताना भ्याली न्हाईस?"
"भ्याले."
"बरं." फोन ठेवला. शेजारच्या काकांना काय सांगतील कोण जाणे.

२९ सप्टें., सोम.
प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली, तिघं जण. मला विचारलं, किती दिवस, कोणी सांगितलं. सांगितलं, कोणी नाही. सरांचं नाव घ्यायचं की नाही ते ठरत नव्हतं. "आधी कोणाला सांगितलंस?" असं विचारलं तेव्हा घेतलं. सर बाहेर बाकावर बसलेले.
मग सु.ला बोलावलं. ती म्हणाली, "सह्या हिनं केल्या. वर्गात गेले न्हाई ते मी. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं." हे ठरवून बोललो नव्हतो. समिती म्हणे पुढच्या आठवड्यात कळवू. कदाचित विद्यापीठाला विचारावं लागेल.

१ ऑक्टो., बुध.
सु. आज भूगोलाला आली. तिसऱ्या बाकावर, माझ्यापासून लांब. नकाशात पैनगंगा चुकीच्या बाजूनं काढली, मॅडमनी खोडायला लावली.
संध्याकाळी पंधरा दिवसांनी मैदानावर. सरांनी शिट्टी दिली. तिची पहिलीच रेड माझ्या कोपऱ्यात. घोटा हातात आला आणि सुटला.
रेषेवरून ओरडली, "मुद्दाम सोडलास का?"
"न्हाई. सुटला."
"मग परत येते. नीट धर."
आली.